बलकाने केले

पाटी लाकडाची होती, काळपट, आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत नुसती नावे होती. इंग्लंडातल्या कॉट्सवोल्डच्या टेकड्यांमधले एक लहानसे खेडे. भाची तिथून जवळच्या शहरात नोकरी करते. तिच्याकडे गेलो असताना एका रविवारी दुपारी तिने मला त्या गावातले जुने चर्च दाखवायला नेले. मधाच्या रंगाचा दगड, ठेंगणा मनोरा, अंगणात झुकलेली थडगी आणि त्यांच्यावर सावली धरून उभे असलेले एक जुनाट झाड. आत कोणी नव्हते, दार मात्र उघडे होते. दाराशेजारी ती पाटी. तेराव्या शतकापासून कालपरवापर्यंत या चर्चमध्ये जे जे धर्मोपदेशक होऊन गेले त्यांची नावे, एकाखाली एक. १३४९ या आकड्यापुढे एक नाव, त्याखाली पुन्हा १३४९ आणि दुसरे नाव. भाची हळू आवाजात म्हणाली, "मामा, ते प्लेगचं वर्ष. एक गेला, त्याच्या जागी दुसरा आला."

इंग्लंडातली पॅरिश म्हणजे नुसते चर्च नव्हे. चर्च, त्याच्या भोवतीचे गाव आणि त्या गावची शिवारे मिळून एक पॅरिश. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला जायचा. बाळाला नाव तिथे मिळे, लग्न तिथे लागे, माती तिथेच होई. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने जन्मानंतरचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद एका वहीत ठेवावी. वही कुलपाच्या पेटीत राहावी आणि कुलपाची एक किल्ली गावकऱ्यांच्या प्रतिनिधींकडे असावी. त्यामुळे तिथल्या एखाद्या मेंढपाळाच्या खापरपणजीच्या आजीचेही नाव आज सापडू शकते. भाची सहज बोलून गेली, "माझ्या पणजीचं माहेरचं नाव काय होतं रे, मामा?"

मला सांगता आले नाही. तिची पणजी म्हणजे माझी आजी, आईची आई. माझे आजोळ कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या बाजूला. आजीच्या मांडीवर मी वाढलो. तिच्या हाताची नाचणीची भाकरी, तिचा खोकला, तिचे दोन बोटांनी मिश्री लावणे, सगळे आठवते. लग्नात नवऱ्याने तांदळात लिहिलेले नाव तिने जन्मभर वागवले. त्याआधी चौदा-पंधरा वर्षे तिला कोणत्या नावाने हाक मारीत, हे मी आईला फोन करून विचारले. आईलाही माहीत नव्हते. मामाला नव्हते. ज्यांना माहीत असेल अशी माणसे उरली नव्हती.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी कर्जतला जाऊन राहिलो. आजोळी घर आता नाही, म्हणून स्टेशनजवळ खोली घेतली. काय शोधायचे हे नीट ठरलेले नव्हते. एवढेच मनात होते, की आपल्याकडच्या गावांनी आपली माणसे कुठे लिहून ठेवली, ते जाऊन पाहायचे.

पहिल्या दिवशी कोंडाण्याची बौद्ध लेणी पाहायला गेलो. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत रिक्षा मिळते. रस्ता उल्हास नदीच्या सोबतीने जातो. भातकापणी चालू होती. खाचरांत पेंढ्यांच्या ओळी पडलेल्या, मध्येच खळ्यावर झोडणी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दर चार शेतांनंतर एक उंच भिंत लागते आणि भिंतीआड कुणा मुंबईकराचे फार्महाऊस असते. मी लहान असताना इथून राजमाचीचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत अखंड दिसे. आता तो भिंतींच्या वर, अर्धाच दिसतो. मला याचे वाईट वाटते आणि ते लपवावेसे वाटत नाही.

गाव संपले की पायवाट झाडीत शिरते. अर्ध्या तासाची चढण. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरून धबधबा कोसळतो आणि शनिवार-रविवारी त्याच्याखाली भिजणाऱ्यांची जत्रा भरते. कार्तिकात मात्र तिथे मी होतो, खडकावरून ठिबकणारे पाणी होते आणि दरीपलीकडे बोरघाट चढणाऱ्या गाडीचा भोंगा होता. सन १८६३ पासून तो घाट गाड्यांच्या आवाजाने भरलेला आहे. लेणे त्याच्याहून दोन हजार वर्षांनी जुने.

कोंडाण्याचे चैत्यगृह पाहिले की पहिल्यांदा लाकूड आठवते. ज्यांनी हे खोदले त्यांना दगडाची सवय नुकती लागत होती. हात अजून सुताराचेच होते. दर्शनी भागावरची पिंपळपानी कमान, तिच्या खालची कठड्यांची नक्षी, छोट्या छोट्या गवाक्षांच्या रांगा हे सगळे लाकूडकामाचे दगडातले रूप आहे. कमानीत तर खऱ्याच सागवानी तुळया बसवल्या होत्या. आत सुमारे ६६ फूट खोल दालन, शेवटी स्तूप. अष्टकोनी खांबांपैकी बहुतेकांची खालची अंगे झिजून, फुटून गेली आहेत. वरची टोके छताला लोंबकळल्यासारखी उरली आहेत. कमानीच्या वरच्या बाजूला चौकटींमध्ये नाचणारी जोडपी. एका पुरुषाच्या हातात धनुष्य. त्यांच्या फेट्यांच्या गाठी इतक्या ताज्या, की आताच बांधून उभे राहिलेत असे वाटावे.

आणि डाव्या अंगाला एक मस्तक. माणसापेक्षा मोठे, चेहरा फुटलेला, केसांवरचे मुंडासे मात्र नीट ओळखू येणारे. बहुधा यक्षाचे. त्याच्या खांद्यालगत ब्राह्मी अक्षरांची एक आडवी ओळ आहे. अभ्यासकांनी ती वाचली आहे. भाषा प्राकृत, अर्थ सरळ: कण्हाचा अंतेवासी बलक याने केले.

एवढेच. राजाचे नाव नाही, वर्ष नाही. लेण्यांतले बाकीचे बहुतेक लेख दान देणाऱ्यांचे असतात. अमक्या गावच्या व्यापाऱ्याने खांब दिला, अमक्या गृहिणीने टाके दिले. इथे मात्र देणाऱ्याचे नव्हे, करणाऱ्याचे नाव आहे. आणि त्याच्या आधी त्याच्या गुरूचे. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. कण्ह म्हणजे कृष्ण, आपला कान्हा. या उल्हासच्या खोऱ्यात आजही एखादी आई आपल्या पोराला ज्या नावाने हाक मारील तेच नाव, इसवी सनापूर्वीच्या एका कारागिराचे. छिन्नी खाली ठेवण्यापूर्वी बलकाला वाटले असेल, की हे मी केले, पण मला शिकवले त्याने. दोघांची नावे राहू देत. मी बराच वेळ त्या ओळीसमोर बसलो. ती वाचता येत नव्हती तरी बोट धरून वाचल्यासारखे डोळे तिच्यावरून फिरवले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कर्जतच्या माणसांपैकी ज्याच्याशी नावाने बोलता येईल असा मला भेटलेला हा एकच.

लेण्यांपाशी कुणीतरी आपली नावेही खडूने लिहिली होती, बाणाने छेदलेल्या बदामासकट. राग आला. पाठोपाठ असेही वाटले, की नाव राहावे ही तहान तीच आहे. बलकाने त्यासाठी आधी एक यक्ष घडवला होता, एवढाच फरक. खडू पावसाने जाईल. पण दगडाने खरवडलेली नावे जात नाहीत, आणि तीही तिथे आहेत.

दुसरा दिवस खालापूरच्या बाजूला घालवला. कर्जतहून खोपोलीला जाणारी गाडी म्हणजे पंधरा किलोमीटरचा फाटा. एके काळी मात्र तीच मुख्य वाट होती. घाट चढायच्या आधी, १८५६ मध्ये, लोहमार्ग खोपोलीपर्यंत येऊन थांबला होता आणि पुढे माणसे पालख्यांतून, टट्टूंवरून बोरघाट चढत. त्याच्याही आधी या घाटाच्या पायथ्याशी येणारा-जाणारा टेकावा, जनावरांना पाणी मिळावे म्हणून नाना फडणविसांनी खोपोलीत तळे आणि वीरेश्वराचे देऊळ बांधले. तळे आहे, देऊळ आहे. संध्याकाळी काठावर म्हातारी माणसे बसलेली असतात.

महडचा वरदविनायक अष्टविनायकांपैकी एक, त्यामुळे तिथे गर्दी असतेच. मूर्ती १६९० मध्ये शेजारच्या तळ्यात सापडली आणि १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी देऊळ बांधले, असे परंपरा सांगते. गाभाऱ्यात दिवा तेवत असतो. तो १८९२ पासून अखंड आहे असे म्हणतात. इथे भक्ताला गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने पूजा करता येते, हे मला नेहमी आवडते. महडबद्दल अधिक लिहीत नाही. ज्याला बिवलकरांसारखा सुभेदार आणि आठ गणपतींच्या यादीत जागा मिळाली, त्या देवळाला माझ्या दोन ओळींची गरज नाही.

साजगावची गोष्ट वेगळी. खोपोलीलगतच्या या विठोबाच्या ठिकाणाला धाकटी पंढरी म्हणतात. कार्तिक वद्य एकादशीला यात्रा सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. तुकाराम महाराज मिरचीच्या व्यापारासाठी देहूहून घाट उतरून इकडे येत, अशी इथली श्रद्धा आहे. लोकांनी मिरची उधारीवर नेली आणि पैसे दिले नाहीत, तेव्हा विठोबाने स्वतः येऊन ती वसूल करून दिली, असे लोक सांगतात. मी गेलो तेव्हा यात्रा ऐन भरात होती. देवळासमोर वारकऱ्यांची रांग, आणि तिच्या पलीकडे, दूरवरून नाकाला कळणारा, सुक्या मासळीचा बाजार. बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या यांचे ढीग. म्हणून या देवाला पंचक्रोशीत प्रेमाने बोंबल्या विठोबा म्हणतात. किनाऱ्यावरची मासळी इथे येते, घाटावरची घोंगडी इथे येतात, आणि मधल्या खोऱ्यातला माणूस भात झोडून हातात आलेल्या पैशांतून वर्षाची बेगमी करतो. आजीच्या घरातले काळे घोंगडे साजगावच्या यात्रेतलेच होते. इंग्लंडातही गावच्या संताच्या दिवशी चर्चभोवती बाजार भरे, मेंढरे विकली जात. देव आणि बाजार यांचे भांडण शहाण्यांनी पुढे लावले. गावाला दोन्ही एकाच दिवशी लागत.

एका मासळीवालीने मला दोन वाटे घ्यायला लावले. ती अलिबागकडून आली होती. म्हणाली, "माझी आय बसायची या जागेवर, तिच्या आधी तिची सासू." जागेवर पाटी नव्हती, पावती नव्हती. पण शेजारच्या दोघींनी मान हलवली.

परतताना मुंबईच्या बाजूला चौकपर्यंत गेलो. इर्शाळगडाचे नेढे असलेला सुळका रस्त्यावरून दिसतो. त्याच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, डोंगर वाडीवर आला. चार दिवस शोध चालला. वर यंत्रे नेता येईनात म्हणून माणसे हातांनी आणि फावड्यांनी माती उपसत होती. २७ मृतदेह सापडले. ५७ जण सापडले नाहीत. मग शोध थांबवण्यात आला. मातीखाली आहेत त्यांना तिथेच राहू द्यायचे ठरले.

इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचे एक उजाड गाव आहे. मेंढ्यांसाठी कुरणे हवीत म्हणून जमीनदारांनी तिथली शेवटची कुटुंबे हलवली. साधारण १५०० सालापर्यंत गाव रिकामे झाले. घरांचे नुसते उंचवटे गवताखाली उरले, चर्च मात्र छप्पर गेलेल्या अवस्थेत अजून उभे आहे. संशोधकांनी तिथे चाळीस वर्षे उत्खनन केले. त्या गावात कोण काय खात होते, मुले कोणत्या वयात अंगावरचे दूध सोडत, हेसुद्धा आज माहीत आहे. चौकजवळ सिडकोने इर्शाळवाडीच्या वाचलेल्यांना पक्की घरे बांधून दिली, हे चांगले झाले. पण वर त्या हिरव्या उतारावर सत्तावन्न माणसे आहेत, आणि त्यांच्यात कोणी गाणी रचणारे असेल, कोणी झाडपाला जाणणारी असेल. त्यांची नावे त्यांच्या वाडीच्या जागी, खडकावर, वाचता येतील अशी कोरली जावीत असे मला मनापासून वाटते. बलकाची छिन्नी ज्या खडकावर चालली त्याच काळ्या कातळाचा तो डोंगर आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे जांबरुगकडे जाणारी एसटी धरली. कर्जत, मग कशेळे. वाटेत पेज नदी लागते. भिवपुरीला टाटांचे वीजघर १९२२ मध्ये सुरू झाले; घाटमाथ्यावरचे पाणी वीज देऊन खाली सुटते, म्हणून या खोऱ्यात उन्हाळ्यातही हिरवे भात दिसते. कशेळ्याला उतरून आधी आजोळच्या गावात गेलो.

गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. माझ्या लहानपणी तिथे सागाचे चार खांब होते, कौले होती, शेणाने सारवलेली जमीन होती. आता स्लॅब, फरशी, स्टीलचा कठडा, गुलाबी रंग. जुने तुटके दगड पिंपळाखाली ढिगाने पडले होते. त्यांत एक, फुले पुसट झालेला, द्वारशाखेचा तुकडा. मला रडू आले. इंग्लंडातही एकोणिसाव्या शतकात उत्साही मंडळींनी शेकडो जुन्या चर्चांची अशीच नवी कोरी रूपे केली. त्या संतापातून विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली. जुन्या इमारतीची डागडुजी करा, तिला नवी करू नका, हे त्याचे म्हणणे. आपल्या प्रत्येक तालुक्याला असा एक हट्टी माणूस हवा आहे.

पण मग दाराजवळची संगमरवरी पाटी वाचली. देणगीदारांची. पंचवीस-तीस नावे, रकमांसकट. त्यांतली निम्मी 'कै.' ने सुरू होणारी आणि 'यांच्या स्मरणार्थ' ने संपणारी. मुंबईत रिक्षा चालवणाऱ्या, गोदामात काम करणाऱ्या पोरांनी आपल्या आयांची नावे लिहवून घेतली होती. एक हजार एक. पाचशे एक. ज्या बायांना मी पेंढ्यांचे भारे वाहताना पाहिले होते, त्यांची नावे मला त्या पाटीवर पहिल्यांदा कळली. तोवर त्या अमक्याची आई, तमक्याची काकू होत्या. गुलाबी रंगावरचा राग गेला नाही. पण त्या पाटीपुढे मी हात जोडले. आजीचे नाव तिथे नव्हते. ते माझे राहिलेले काम होते आणि मी पुजाऱ्याकडे पैसे देऊन आलो. काय नाव घालायचे, असे त्यांनी विचारले. मी सासरचे सांगितले.

तिथून अंबिवली. गावाजवळ नदीच्या वळणावर, बुटक्या टेकाडात एक विहार कोरलेला आहे. आत जवळजवळ चौकोनी दालन, ४२ फूट बाय ३९ फूट, तीन बाजूंना मिळून बारा खोल्या, भिंतीलगत दगडी बाक. ओसरीचे खांब नाशिकच्या लेण्यांतल्या खांबांची आठवण करून देतात. पावसाळ्यातले तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहायचे, त्यासाठी हे घर. भिक्षू गेले, त्यांच्या जागी कधीतरी शेंदूर आला, घंटा आली. मी गेलो तेव्हा उदबत्तीची राख ताजी होती. ज्याने ती लावली त्याला बुद्धाचे ठाऊक असेल-नसेल, पण दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पवित्र मानलेली जागा गावाने पवित्रच ठेवली आहे. इंग्लंडातही चर्चखाली कधीकधी त्याहून जुने देवस्थान निघते.

अंबिवलीहून वर पेठ. दीड तासाची चढण, मधला टप्पा उभा. माथ्यावर पठार, पठारावर पेठ गाव, आणि गावाच्या डोक्यावर उलट्या धरलेल्या नरसाळ्यासारखा कोथळीगडाचा सुळका. गावातच एक तोफ पडलेली आहे. शंभूराजांच्या काळात हा गड शस्त्रसाठ्याचा होता. १६८४ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने तो घेतला. परत मिळवण्याच्या झटापटीत मराठ्यांचा नारोजी त्रिंबक पडला. १८१७ मध्ये पेशवाईच्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला.

सुळक्याच्या पोटात भैरोबाची गुहा आहे. बाहेरून कोणाला वाटणार नाही असे आत कोरीव खांब, त्यांच्या शिरोभागी भार पेलणाऱ्या आकृत्या. तोफेचे दगडी गोळे कोपऱ्यात रचलेले. शेंदूर लावलेला भैरोबा. शेजारी पाण्याचे टाके. आणि तिथूनच सुळक्याच्या आतून, कातळ पोखरून, थेट माथ्यावर नेणारा जिना. त्या जिन्याच्या पायऱ्या चढताना गार वाटते, अंधार असतो, वर निळ्या आभाळाचा तुकडा दिसत राहतो. हे ज्याने योजले त्याला मी मनातल्या मनात बलकाच्या शेजारी बसवले. पण त्याने नाव लिहिलेले नाही.

माथ्यावरून भीमाशंकरची रांग, पदरगड, पश्चिमेला माथेरान. उत्तरेला सिद्धगड. तिथे २ जानेवारी १९४३ च्या पहाटे स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रज सरकारच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवाल माथेरानचे, पाटील कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे. दरवर्षी त्या तारखेला लोक सिद्धगडावर जमतात. इंग्लंडातल्या त्या चर्चमध्येही महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांच्या नावांची पाटी होती; अठरा घरांच्या गावातून नऊ जण.

उतरून गावात जेवायला थांबलो. एका घरी आधी सांगून ठेवले होते. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, चुलीवरचा भात. साठीच्या पुढच्या एक बाई वाढत होत्या. मी त्यांना मावशी म्हटले, वयाने माझ्या बरोबरीच्या असूनही. त्यांनी मला दादा म्हटले. मी भैरोबाच्या गुहेतल्या कोरीव खांबांबद्दल बोलत होतो, त्यांना त्यात फारसे नवल वाटले नाही. त्यांना देवाचे सांगायचे होते.

"लग्न होऊन आले ना, तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा तिथंच नेलं. घरात पाऊल टाकायच्या आधी देवाला. नवं लुगडं, चढ केवढी ती! मी रडले वाटेत."

"मग?"

"मग काय, पाया पडले. सासूबाईंनी देवाला सांगितलं, ही आमची झाली म्हणून." त्या हसल्या. "थोरला झाला तेव्हा त्याला घेऊन गेले. धाकटा झाला, तेव्हा पण. नवीन भात घरी आलं की पहिली ओंबी त्याची. सासूबाई गेल्या, तेराव्यानंतर आम्ही सगळे वर गेलो. मागच्या साली सून आणली. तिला मीच घेऊन गेले. ती नाही रडली. तिच्या पायात बूट होते."

मी हातातला घास तसाच धरून ऐकत होतो. जन्म, लग्न, मरण. क्रॉमवेलच्या वहीत असतात त्या तिन्ही नोंदी, याच एका वाटेवर. वही नव्हती. वाट होती, आणि सासूने सुनेला, त्या सुनेने तिच्या सुनेला चालवत ती राखली होती. देवाला सगळी नावे सांगितली गेली होती. फक्त देवाने कोणाला परत सांगितली नव्हती.

मी आजीचे सांगितले. माहेरच्या नावाचे. त्या गप्प झाल्या. भाकरीची टोपली झाकली. मग मीच विचारले, "मावशी, तुमचं माहेरचं नाव काय?"

"माझं?" त्यांनी आत, सून होती तिकडे पाहिले. "कोणी विचारलं नाही हो इतक्या वर्षांत. भाऊ होता तोवर तो मारायचा हाक."

त्यांनी नाव सांगितले. छोटेसे, दोन अक्षरी. सून दारात येऊन उभी राहिली होती. तिनेही ते पहिल्यांदाच ऐकले असावे, कारण तिने ते एकदा आपल्याशीच म्हणून पाहिले. मी वही काढली, नाव लिहिले, खाली तारीख घातली.

मावशी वाकून पाहत होत्या. त्यांना वाचता येत नव्हते. तरी बोट ठेवून म्हणाल्या, "गावाचं नाव पण लिहा. माहेरच्या."